एक पानभर कारण

बुधवारी दुपारी डबा उघडून तिने पहिला घास तोंडात घातला, त्याच वेळी फोनवर विद्यापीठाचं पत्र आलं. तो घास आपण किती वेळ चघळत बसलो हे तिला नंतर आठवेना. पत्र लहानच होतं. परदेशातल्या त्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने लिहिलं होतं की तुमच्या अर्जासोबतचा निबंध प्रवेश समितीने दोनदा वाचला आणि तो विचार करण्याजोगा वाटला, मात्र अर्जातल्या सातव्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. आता तुम्हाला इथे का यायचं आहे, या सातव्या प्रश्नाचं तिने चांगलं दोन पानी उत्तर दिलं होतं. सगळ्या अर्जात सर्वांत जास्त घाम तिने तिथेच गाळला होता. ती पुढे वाचत गेली. तुमच्या हातून हा अर्ज कसा घडला ते तुम्ही फार प्रामाणिकपणे सांगितलं आहे, पण आम्ही विचारलं होतं ते वेगळं. मग त्यांच्या भाषेतले दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून, दोन्हींखाली रेघ ओढून समितीने म्हटलं होतं की तुम्ही पहिलं दिलंत, आम्ही दुसरं मागितलं होतं. येत्या शुक्रवारी तुमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बारापर्यंत एक पान पाठवलंत तर अर्ज समितीपुढे राहील, एरवी तो बंद होईल. खाली सही होती, आणि सहीच्या खाली शुभेच्छा होत्या.

तिने ते दोन शब्द मनातल्या मनात आपल्या भाषेत करून पाहिले. पहिल्याचं झालं, कारण. दुसऱ्याचंही झालं, कारण. पुन्हा केलं तरी तेच. फरक तिला ठाऊक नव्हता अशातला भाग नव्हता. कड्यावरून दगड सुटून खाली येतो त्याच्यामागे असतं ते पहिलं. माणूस जागचा उठून दार उघडतो आणि का उघडलंस म्हटल्यावर जे सांगतो ते दुसरं. पदवीच्या परीक्षेत याच फरकावर वीस मार्कांचा प्रश्न आला होता आणि तिला त्यात सतरा मिळाले होते. पेपरात तिने तो फरक मुद्देसूद लिहिला होता, उदाहरणं देऊन, समासाला धक्का न लावता. आणि आता स्वतःवर वेळ आल्यावर प्रश्न डोळ्यांनी त्यांच्या भाषेत वाचला, डोक्यात आपल्या भाषेत उतरवला, तिथे दोघांचा एकच झाला, आणि बाईसाहेब दोन पानं भरून मोकळ्या झाल्या. वडील वारले म्हणून. नोकरी अशी म्हणून. आईमुळे उशीर झाला म्हणून. सगळे दगडच. त्या दोन पानांत कोणी दार उघडायला उठलंच नव्हतं. तिने कपाळावर हात मारला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईने डोकं दुखतंय का म्हणून विचारलं.

याचं हसू यायला हरकत नव्हती, कारण (हा शब्द आता जपून वापरायला हवा होता) दुसऱ्यांना नेमकं हेच पत्र पाठवणं हा तिचा सोळा वर्षांचा धंदा होता. ती शहराच्या मृत्युनोंदणी कार्यालयात होती. शहरात माणूस मेला की डॉक्टर एक कागद भरतो आणि तो कागद तिच्या टेबलावर येतो. कागदावर चार ओळी असतात, अ, ब, क आणि ड. पहिल्या ओळीत शेवटी काय झालं ते लिहायचं. तिच्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, हे कशामुळे? मग दुसरी ओळ. तिच्याखाली पुन्हा, हे कशामुळे? असं उतरत उतरत डॉक्टर जिथे थांबेल ती शेवटची भरलेली ओळ म्हणजे मृत्यूचं मूळ कारण. त्या कारणाला जाड पुस्तकात एक अक्षर आणि काही आकडे ठरलेले असतात. तो कोड तिने टाकायचा. चार ओळींखाली पाचवी नसते. एखादा डॉक्टर कंटाळून पहिल्याच ओळीत 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहून खाली सही ठोकतो. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते, म्हणून ते कारण धरत नाहीत. अशा वेळी निळी विचारणा चिठ्ठी भरायची, कागदाला टाचायची आणि परत पाठवायची: कृपया कारण नोंदवावे. इतर लोक महिन्याला दहा-बारा चिठ्ठ्या पाठवत, ती साठ पाठवी. मोठ्या दवाखान्यात तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं; विचारणाबाई म्हटलं की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे नाक मुरडत. तिला त्याचा छुपा अभिमान होता. आता कोणीतरी समुद्रापलीकडून तिलाच चिठ्ठी टाचली होती, आणि तिने डब्याचं झाकण लावलं तेव्हा भाजी तशीच होती.

दुपारभर ती काम करत होती, निदान हात तरी करत होते. आपली ती दोन पानं तिला आता अगदी डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्यांत सगळ्यात वर बाबा होते. बाबा पाच वर्षांपूर्वी एका मंगळवारी दवाखान्यात वारले, आणि अकराव्या दिवशी त्यांचा कागद तिच्या गठ्ठ्यात आला. नात्यातल्या माणसाचा कागद शेजारच्या टेबलावर सरकवायचा असा कार्यालयाचा रिवाज होता; तिने तो सरकवला नाही. अ ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद. खाली ब मोकळी, क मोकळी, ड मोकळी. तीन मोकळ्या ओळींकडे ती बघत राहिली. मग तिने निळी चिठ्ठी घेतली आणि रोजच्याच अक्षरात लिहिलं, कृपया कारण नोंदवावे. शिक्का मारला, तारीख घातली, कागद जाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला, आणि पुढचा कागद उचलला. नऊ दिवसांनी तो परत आला. आता ओळी भरलेल्या होत्या, वळणदार अक्षरात, अगदी नियमाप्रमाणे, क ओळीपर्यंत. क मध्ये जुना मधुमेह. तिने कोड टाकला. कोड बरोबर होता. पुस्तकात दोनदा पडताळून पाहिला तरी बरोबरच होता, आणि त्याचाच तिला संताप आला. बाबांनी निवृत्तीनंतर गोळ्या घेणं सोडून दिलं होतं. का सोडलंत म्हटलं की म्हणत, आता कोणासाठी वेळेवर उठायचंय. ते वाक्य कुठल्याच ओळीत बसत नव्हतं. ड ओळ मोकळी होती, पण तिथे लिहायला ते कारण नव्हतं, निदान पुस्तकाच्या हिशेबाने नव्हतं. मग ते काय होतं? त्या दिवशी ती प्रसाधनगृहात जाऊन रडली, आणि तोंड धुताना तिला कळलं की आपण बाबांसाठी जेवढं रडलो तेवढंच या प्रश्नासाठीही. याची तिला लाजच वाटली. ती लाज पुढेही पुरती गेली नाही, पण प्रश्नही गेला नाही.

त्यानंतर तिने पत्रद्वारे तत्त्वज्ञानाची पदवी घ्यायला सुरुवात केली. रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात तास होत. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसावं लागे, आणि निवृत्त प्राध्यापक शिकवायला येत. त्यांना सगळे मास्तर म्हणत, तेही स्वतःला मास्तरच म्हणवून घेत. परीक्षेच्या हॉलमध्ये एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी तिला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागत. तिने एकीला आणूनही दिली होती. निकाल लागला तेव्हा मास्तर म्हणाले होते, इथे मी जेवढं देऊ शकत होतो ते तू घेऊन संपवलंस, आता तुझ्याशी भांडेल असं कोणीतरी शोध. शिफारसपत्र त्यांनीच दिलं. निबंधही त्यांच्याच आग्रहाने तिने लिहिला, साखळी कुठे थांबवायची हे कोण ठरवतं यावर, चार ओळींच्या त्या कागदावरून. राहिली रजा. दोन वर्षांची बिनपगारी रजा मागायला ती साहेबांकडे गेली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तत्त्वज्ञान? म्हणजे त्यात पुढे काय?"

"पुढे काही नाही साहेब. तेच."

"मग घरी पुस्तकं वाचून नाही का होणार?"

"वाचतेच आहे. त्याने भूक वाढते."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी रजेचा फॉर्म तिच्याकडे फिरवला. "हे बघा, यात कारणाच्या रकान्यात आजारपण, विवाह, मृत्यू आणि इतर, एवढंच आहे. तुम्ही 'इतर'वर खूण करा आणि पुढे एक अक्षर लिहू नका. लिहिलं की वरचे प्रश्न विचारत बसतात." तिने 'इतर'वर खूण केली होती, आणि ना हरकत प्रमाणपत्र दोन दिवसांत हातात पडलं होतं. विद्यापीठाच्या फॉर्मातही असा एखादा रकाना असता तर बरं झालं असतं, असं आता तिच्या मनात आलं. लगेच स्वतःचाच राग आला. सोळा वर्षं दुसऱ्यांना मोकळ्या ओळींवरून धारेवर धरायचं आणि आपली पाळी आली की 'इतर' म्हणून सटकायचं, हे तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. ती लिहिणार होती. शुक्रवारच्या आत लिहिणार होती. काय, ते फक्त अजून माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन तिने पहिला प्रयत्न केला. लहानपणापासून मला प्रश्न पडत. खोडलं. लहानपणी तिला चारचौघींना पडतात तेच प्रश्न पडत, आणि मुख्य प्रश्न आज शाळेला बुट्टी मारता येईल का हा असे. दुसरा प्रयत्न: ज्ञानाची ओढ. हे शब्द लिहिताच तिला कोणाच्या तरी सत्काराच्या भाषणात बसल्यासारखं वाटलं. तेही खोडलं. तिसऱ्या प्रयत्नात ती पुन्हा बाबांकडेच आली. वाक्य सुरू कुठूनही केलं तरी दोन ओळींत 'त्यामुळे' येई, आणि 'त्यामुळे' आलं की बोट आपोआप मागे मागे, खाली खाली जायला लागे, अ वरून ब वर, ब वरून क वर. आपल्याला दुसऱ्या कुठल्या दिशेने विचारच करता येत नाही की काय, या भीतीने तिने पेन खाली ठेवलं. सोळा वर्षांच्या कामाने बोटाला घट्टा पडावा तसा डोक्यालाही पडला असेल. मग प्रवेश मिळून तरी काय उपयोग. पण ही भीती तिने फार वेळ मांडीवर घेतली नाही. भीती हेसुद्धा एक 'त्यामुळे'च, असं तिने स्वतःला बजावलं, आणि पानं फाडून टाकून ती आईला भाजी चिरू लागायला गेली. आईने भाजीची परडी तिच्याकडे सरकवली. मुलीच्या हातात सुरी असताना तिला छेडायचं नाही एवढं ती शिकली होती.

गुरुवारी कामावर एक कागद आला. बासष्ट वर्षांचा पुरुष, कालव्यात बुडून मृत्यू. अ ओळीत श्वास कोंडणे, ब ओळीत पाण्यात बुडणे. अपघात, सरळ कोड, अर्ध्या मिनिटाचं काम. पण कागदाच्या कडेला, जिथे काहीही लिहायची परवानगी नसते तिथे, डॉक्टरांनी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: शेजाऱ्याच्या कुत्र्याला काढायला उतरले होते. कुत्रा वाचला. अशा मजकुराकडे लक्ष द्यायचं नाही असा नियम होता. कोड टाकणाऱ्याच्या दृष्टीने तो मजकूर नव्हताच. तिने कोड टाकला. मग ती त्या कडेकडे बघत राहिली. कुठल्यातरी डॉक्टरला, पाळी संपवून घरी जाण्याच्या घाईत असताना, हे लिहिल्यावाचून राहवलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं की हे कोणी वाचणार नाही, वाचलं तरी कोणी मोजणार नाही, वर्षाअखेरच्या तक्त्यात हा माणूस नशेत पाय घसरून पडलेल्या इसमाशेजारीच बसणार. तरी त्याने लिहिलं. पाणी फुप्फुसात गेलं म्हणून माणूस मेला हे खरं, आणि कुत्र्यासाठी उतरला म्हणून मेला हेही खरं. एक खरं दुसऱ्याच्या कुठे लागतं? वर, खाली, शेजारी? की दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच नाही आणि आपण उगाच दोघांना एका शब्दात कोंबतो? तिचा चहा निवला. शेजारची बाई म्हणाली, आज काय एकाच कागदावर मुक्काम. ती हसली आणि पुढचा कागद घेतला, पण तिला आत कुठेतरी मनापासून बरं वाटत होतं, कालपासून पहिल्यांदाच.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिने मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, अर्ज परत आला."

"नाकारला?"

"नाही. विचारणा चिठ्ठी आलीय."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. "तुला? विचारणाबाईला? अगं, न्याय म्हणून काही आहे की जगात." तिने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "मी हे वर्गात तीस वर्षं शिकवलं. दोन्हीला कारणच म्हणायचो. एके वर्षी सोय म्हणून एकाला साधं कारण आणि दुसऱ्याला खरं कारण म्हणून पाहिलं. तर मागच्या बाकावरचा एक म्हणाला, सर, मग पहिलं खोटं का? तेव्हापासून तो नाद सोडला."

"मी काय लिहू?"

"ते मी सांगितलं तर त्यांना मला प्रवेश द्यावा लागेल. आणि माझे गुडघे आता तेवढा प्रवास करत नाहीत." मग निराळ्या आवाजात, "घाबरलीस का?"

"घाबरले नाही. अडलेय."

"मग ठीक आहे. अडलेल्याला वाट काढता येते." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एकदा मुद्दा संपला की मास्तर निरोपबिरोप घेत नसत.

शुक्रवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली, कारण इतर. सकाळी नऊ वाजता ती जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली आणि साडेनऊपर्यंत तिने फक्त तारीख लिहिली. समोर आई उशीचा अभ्रा उलटा करून कडेला टीप मारायच्या आधी हातानेच धागा घालत होती. आईने तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते. आता शिवायला कोणाचं काही नसलं की ती घरातलंच काहीतरी उसवून पुन्हा शिवायला घेई. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"आधी पाठवलं होतंस ते वाच बघू. मला समजेल असं."

तिला जिवावर आलं. तरी तिने ती दोन पानं काढली आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत करून वाचायला लागली. बाबांचा कागद, चिठ्ठी, कोड हे सगळं आईने मान खाली घालून ऐकलं. चिठ्ठीची गोष्ट आईला आजवर माहीत नव्हती. सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. मग पुढचं वाक्य आलं, आणि ते वाचायला सुरुवात केल्यावर आता मागे फिरता येणार नाही हे तिच्या लक्षात आलं. "'वडिलांच्या मृत्यूनंतर आईची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आल्यामुळे अर्ज करण्यास विलंब झाला.'"

"म्हणजे मी विलंब."

"तसं नाही गं आई."

"लिहिलंय तर तसंच. वाच पुढे."

तिने पुढचं वाचलं. कामातला तोचतोपणा, पत्रद्वारा पदवी, साहेबांची कृपा, मास्तरांचं प्रोत्साहन. वाचून झाल्यावर तिने कागद पालथे ठेवले. आईने गाठ मारली, धागा दातांनी तोडला.

"सुरेख लिहिलंयस. पण मला यात असं दिसतं की कोणीतरी तुझ्या हाताला धरून तुला गाडीत बसवून देतंय. बाबांनी ढकललं, मी अडवलं, साहेबांनी सोडलं, मास्तरांनी तिकीट काढलं. तू कुठे आहेस यात?"

"त्यांनी का जायचंय ते विचारलं. मी का ते सांगितलं."

"का, ते मला ठाऊक आहे. सगळं माझ्यादेखत झालंय. कशासाठी जायचंय ते सांग ना."

सोळा वर्षं ती ज्या कागदापुढे बसत होती त्यावर प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न छापलेला होता, कशामुळे. कशासाठी हा प्रश्न कुठल्याच ओळीखाली नव्हता, तो विचारायला कागदाच्या कडेला जावं लागे. आणि आई तो भाजीत मीठ घालावं इतक्या सहज विचारत होती. आपल्या भाषेत उत्तराला शब्द एकच आहे, पण प्रश्न दोन आहेत, दोन्ही धडधाकट आहेत, आणि त्यांची गल्लत दुकानात, स्वयंपाकघरात, कोणीच करत नाही. गल्लत केली ती पदवीधर बाईने. तिचे कान तापले.

"मला नीट सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"मग वेडंवाकडं सांग."

"त्या लोकांचं म्हणणं असं की कशामुळे आणि कशासाठी ही दोन अगदी वेगळी दुकानं आहेत. एकातला माल दुसऱ्यात चालत नाही. मला तसं वाटत नाही. मला वाटतं कुठेतरी खाली त्यांचं गोदाम एकच आहे. आपण दोन्हीला एक शब्द वापरतो तो काही निव्वळ आळस नाही. पण हे मला सिद्ध करता येत नाही आई. आणि मी चुकत असेन तर कुठे चुकतेय हे इथे मला कोणी सांगत नाही. सगळे छान म्हणतात. कौतुक करतात, या वयात बघा म्हणतात."

"आणि तिथे?"

"तिथे माझी सालं काढतील."

"आणि ते तुला हवंय?"

"हो." तो 'हो' तिच्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने निघाला. पुढचं बोलताना तिला धापच लागली. "मला तेच हवंय. मला कशातून सुटायचं नाहीये, इथून पळायचंही नाहीये. मला हा प्रश्न तडीला न्यायचाय. नाहीच गेला तर निदान तो जात का नाही ते मला बघायचंय. त्यासाठी जायचंय. दुसरं काही नाही."

आईने अभ्रा उलटून सुलटा केला, झटकला, घडी घातली. "मग हे लिही. आणि ते मागचं सगळं उसवून टाक, त्याला ठिगळ लावत बसू नकोस." ती उठायला लागली, मग पुन्हा बसली. "मला एकटीला भीती वाटेल. संध्याकाळी जास्त. हे तुला सांगून ठेवते, नंतर म्हणशील बोलली नाही. पण तुझ्या अर्जात मला घालू नकोस. ढकलणारी म्हणून नको आणि अडवणारी म्हणून तर नकोच नको."

तिला आईचा हात धरावासा वाटला, पण आईने हातात सुई परत घेतली होती. घड्याळात दहा वाजून गेले होते. तिने लिहायला सुरुवात केली. पहिलं वाक्य लिहिलं: तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मी चूक केली, आणि ती चूक हाच माझा विषय आहे. दुसऱ्या वाक्यात तिने लिहिलं की माझ्या भाषेत या दोहोंना एकच शब्द आहे. तिसऱ्यात, की ही उणीव आहे असं तुम्ही म्हणाल आणि मला ते मान्य नाही. इथे हात थांबला. ज्यांचं दार ठोठवायचं त्यांनाच पहिल्या तीन ओळींत मान्य नाही म्हणायचं? 'मला नम्रपणे वाटते' असं करावं का? तिने 'नम्रपणे' लिहिलं, बघितलं आणि खोडलं. मान्य नाही तर नाही. पुढे लेखणी धावायला लागली. कालव्यात उतरलेल्या माणसाबद्दल तिने नाव-गाव न देता तीन ओळी लिहिल्या, कडेच्या मजकुराबद्दल दोन. मला काय वाटतं ते मी लिहिलं आहे, ते बहुधा कुठेतरी चूक आहे, आणि कुठे ते शोधून देऊ शकतील अशी माणसं तुमच्या विभागात आहेत म्हणून मला यायचं आहे. पानाच्या तळाशी पोचली तेव्हा तिला दिसलं की सबंध पानात बाबा नाहीत, साहेब नाहीत, मास्तर नाहीत, आई नाही. पान उघडंबोडकं दिसत होतं, आणि त्यात ती एकटीच उभी होती. तिला भयंकर वाटलं. तरी तिने त्यात कोणालाही सोबतीला बोलावलं नाही. त्यांच्या भाषेत उतरवून, दोनदा वाचून, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने ते पाठवून दिलं. पाठवल्यावर पडद्यावर एक हिरवी रेघ आली आणि गेली.

"गेलं?" आईने आतून विचारलं.

"गेलं."

"घेतील?"

"माहीत नाही. पाच जागांना दोनशे अर्ज असतात म्हणे."

"आणि नाही घेतलं तर?"

"पुढच्या वर्षी परत. दुसरीकडेही. घेईपर्यंत." हे बोलताना तिला जोर लावावा लागला नाही, ते तिच्या आत आधीच ठरून बसलं होतं. जेवून कार्यालयात जायला तासभर होता. ती ताट घ्यायला उठली तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात एक कोरी वही होती, आणि तिने ती मुलीच्या पुढ्यात उघडून पहिलं पान हाताने दाबून सपाट केलं.

"दवाखान्याचा नंबर, गॅसवाल्याचा, विजेच्या कार्यालयाचा. नळ दुरुस्त करणारा कोण ते. तुझा तिथला मिळेल तो मिळेल, त्याला जागा सोड. आत्ताच लिही, म्हणजे मला पाठ करायला वेळ मिळेल."

"आई, अजून कशात काही नाही. दोन महिने तरी कळायचं नाही."

"तुला कळायचं तेव्हा कळू दे. मला सवय करायला दोन महिने पुरणार नाहीत."

तिने पेन उचललं. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. पहिल्या ओळीवर दवाखाना लिहिलं आणि पुढे नंबर घातला. आईने वही ओढून चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली, आणि परत तिच्यापुढे ठेवली.

"अजून मोठं," आई म्हणाली.